बाई, मामा आणि अंबाबाई

जूनमध्ये पहिलीत नवी पोरं येतात, तेव्हा ‘ए बाई, माझी पेन्सिल कुठाय?’ असं सरळ विचारतात. मी टोकत नाही. घरात ‘ए आई’, देव्हाऱ्यापुढं अंबाबाईलाही ‘तू’. मग माझंच काय मोठं? गणपती येईपर्यंत ती आपोआप ‘अहो बाई’वर येतात.

मला सलतं ते वेगळंच. घंटा देणाऱ्या शिपाईमामांना हीच पोरं ‘मामा, दार उघड’ म्हणतात आणि चौथी संपली तरी तसंच म्हणतात, कारण त्यांचे आईबापही तसेच बोलतात. अंबाबाईला म्हटलेला ‘तू’ मायेचा. मामांना म्हटलेला पायरी दाखवणारा. सहा वर्षांच्या पोराला हा फरक आपणच शिकवतो.

हे शाहू महाराजांचं गाव. संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सगळ्यांच्या शाळेत घ्यायचा हुकूम निघाला. मुलांना शेजारी बसवणं हुकमानं होतं. हाक कशी मारायची, ते आपल्यावर राहिलं. सर्वांभूती ईश्वर असं कीर्तनात ऐकून आपण माना डोलावतो. तो ईश्वर मामांत नाही का?

म्हणून पोरांदेखत मी मुद्दाम म्हणते, ‘अहो मामा, जरा खडू आणता का?’ यंदा एका पोरीनं विचारलं, ‘बाई, मामा तुमच्यापेक्षा मोठे हाईत?’

‘व्हय, वयानं मोठे,’ मी म्हटलं. पण तेवढ्यानं भागत नाही. झाडलोट करणाऱ्या मावशी माझ्याहून लहान आहेत आणि त्यांनाही मी ‘अहो’च म्हणते.