थीसियसचे जहाज आणि पाच हजारांची बोट

थीसियसच्या जहाजाचे कोडे प्लुटार्कने नोंदवून ठेवले आहे. अथेन्सच्या लोकांनी ते तीस वल्ह्यांचे जहाज पिढ्यानपिढ्या जपले. फळी कुजली की ती काढून नवी बसवली. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच राहिले का, यावर तत्त्वज्ञांत दोन तट पडले. या वादात कोणी न बोललेली एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती खेळण्यातली बोट शोधताना. अथेन्समध्ये नवी फळी मिळत होती, आणि जुनी काढताना बाकीचे जहाज फोडावे लागत नव्हते.

माझ्या बारा वर्षांच्या भाचीला रेडिओ कंट्रोलची बोट हवी होती. पहिलीच, म्हणून मर्यादा पाच हजारांची. या किमतीच्या आसपास दोन जाती दिसतात. एक निव्वळ खेळण्यातली. तिला दोन लहान मोटरी आणि दोन पंखे असतात, सुकाणू नसते. एक मोटर थांबली की बोट वळते. आतली सगळी इलेक्ट्रॉनिक्स एका पट्टीवर, म्हणजे एक गोष्ट गेली की सगळेच गेले. दुसरी जात छंद म्हणून बोटी चालवणाऱ्यांची. तिच्यात मोटर, मग कपलिंग, मग ग्रीस भरलेल्या नळीतून जाणारा शाफ्ट आणि टोकाला पंखा. सुकाणूला वेगळा सर्व्हो. फेइलुनची एफटी००९ ही या दोन जातींच्या मधली. लांबी साधारण ४६ सेंटिमीटर, ७.४ व्होल्टची बॅटरी, पाण्याने गार राहणारी मोटर. मुख्य म्हणजे तिचा पंखा, सुकाणू, मोटर सुटे विकले जातात.

सुट्या भागांवर एवढा भर का, हे बोट मोडते कशी ते पाहिल्यावर कळते. पंख्याचे पाते दगडावर आपटून तुटते. जलपर्णीची मुळे शाफ्टला गुंडाळतात आणि अडकलेली मोटर तापून जळते. नळीतले ग्रीस संपले की तिथूनच पाणी आत झिरपते. लिथियमची बॅटरी पूर्ण उतरवून पावसाळाभर तशीच ठेवली, तर ती पुन्हा उभी राहत नाही. यातला एकही बिघाड बोटीचा शेवट ठरावा असा नाही. भाग मिळत नाही, म्हणून तो शेवट ठरतो.

म्हणून आम्ही शोधाचा क्रम उलटा केला. आधी पंखा शोधायचा, मग बोट. बोटीचे नाव आणि ‘पंखा’, बोटीचे नाव आणि ‘कपलिंग’, बोटीचे नाव आणि ‘सर्व्हो’, असे तीन शोध. तिन्ही रिकामे आले की बोट बाद, मग ती कितीही देखणी असो. शाफ्टचा व्यास आणि बॅटरीचा प्लग प्रचलित मापाचा आहे का, हेही पाहायचे. प्रचलित माप असले की दुसऱ्या कोणाचा भागही चालतो.

“दादा, तेवढ्या पैशांत साध्या दोन-तीन बोटी येतील की,” बहीण म्हणाली. तिचा हिशेब बरोबर होता. दर सुट्टीत एक बोट, मोडली की दुसरी. यात वाईट काय? कचरा होतो, हे एक उत्तर. पण मला जास्त टोचत होते ते दुसरेच. मोडलेल्या वस्तूपुढे मुलाने काय करावे, हे ती वस्तूच त्याला शिकवते. चिकटवून बंद केलेली बोट सांगते की तुझे काम फक्त बटण दाबायचे. चार स्क्रूंचे झाकण सांगते की आत ये.

१८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी बोट चालवून दाखवली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला तिचे पेटंट मिळाले. पेटंटचा सौदाच असा असतो की काही वर्षांच्या मक्तेदारीच्या बदल्यात यंत्र जगापुढे उघडे करून मांडायचे. त्या आकृत्यांत बोटीच्या भागांना एकेक अक्षर दिलेले आहे. रेडिओवर चालणारी बोट जगात आली ती झाकण उघडून, भागांना नावे देऊन.

तरीही माझ्या युक्तिवादात एक अडचण आहे. दुरुस्त होणारी वस्तू आधी महाग पडते. जत्रेत पोराला दीडशे रुपयांचे खेळणे घेऊन देणाऱ्या बापाला मी सुट्या भागांचे प्रवचन देऊ लागलो, तर ती नीती नव्हे, ऐपतीचा दिमाख होईल. निवड करण्याची सोय ज्याला जितकी, तितकीच त्याची जबाबदारी. सर्वांत जास्त सोय बनवणाऱ्याकडे असते. गोंदाऐवजी स्क्रू वापरायचा की नाही, हे तो ठरवतो आणि त्याची किंमत हजारो घरे मोजतात. सुटा भाग विकणारा एक साधे सत्य कबूल करतो: माझी वस्तू मोडणार आहे, आणि मोडल्यावरही माझा तिच्याशी संबंध राहील. आपण पैसे मोजतो ते या कबुलीचेही.

हॉब्जने सतराव्या शतकात त्या कोड्याला आणखी एक पीळ दिला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचेच दुसरे जहाज बांधले, तर खरे थीसियसचे कोणते? छंदवाली मंडळी हे रोज करतात. बंद पडलेली बोट स्वस्तात घ्यायची आणि तिच्या सर्व्होवर आपली चालवायची. त्यांना खरी बोट कोणती, हा प्रश्न पडत असेलही. पण तो पडण्याइतकी त्यांची बोट टिकलेली असते.

आम्ही मधली बोट घेतली. सोबत एक जादा पंखा आणि एक कपलिंग. “मामा, अजून काही मोडलं नाही, तर हे कशाला?” भाचीने विचारले. मी तिला ग्रीसची ट्यूब दिली आणि नळी कुठे आहे ते दाखवले.