धूर दिसला, माणूस दिसला का?



ऑक्टोबर २०१६ मध्ये रशियाचे विमानवाहू जहाज 'ॲडमिरल कुझनेत्सोव्ह' काळा धूर ओकत सीरियाकडे निघाले. त्याच महिन्यात पोप फ्रान्सिस तात्काळ युद्धबंदी मागत होते. निदान अलेप्पोतल्या मुलांना तरी बाहेर पडू द्या, म्हणत होते. १५ नोव्हेंबरला जहाजावरून हल्ले सुरू झाले. त्याची दोन विमाने समुद्रात गेली, पण दोन्ही वैमानिक वाचले. देवाची कृपाच! तेही कुणाचे तरी पुत्र. खाली बॉम्ब झेलणाऱ्यांना मात्र उडी मारायला आसन नव्हते.

आपण त्या धुराला हसलो, जेवलो, झोपलो. शुभवर्तमानातला याजकही जखमी माणसाला पाहूनच पुढे गेला होता. आज विश्वासूंच्या प्रार्थनेत सीरियाचे नाव येईल, तेव्हा क्षणभर थांबू या.