चर्च नको म्हणणारी मुलं

शंका : माझा मुलगा पुण्यात नोकरी करतो. लहानपणी शब्बाथ शाळेत वचनं पाठ म्हणण्यात त्याचा पहिला नंबर असायचा. आता सुट्टीला घरी आला तरी रविवारी उपासनेला येत नाही. “मला येशूचं वावडं नाही, तुमच्या चर्चमधल्या लोकांचं आहे,” असं तोंडावर सांगतो. त्याचे वडील म्हणतात, या घरात राहायचं तर उपासनेला आलंच पाहिजे. मी काय करावं?
– एक आई, श्रीरामपूर तालुका

समाधान : ताई, जबरदस्ती करू नका. त्याच्या बोलण्याचा पहिला अर्धा भाग तुम्ही दुःखाच्या भरात नीट ऐकला नसावा. येशूचं वावडं नाही, असं तो म्हणतो आहे. ते आधी मनात धरून ठेवा.

मग एकदा जेवताना त्याला विचारा, बाबा रे, लोकांचं म्हणजे नेमकं कशाचं? आणि तो बोलत असताना मध्ये बोलू नका. तो काय सांगेल याचा मला बराचसा अंदाज आहे, कारण गावोगावच्या मंडळ्यांतली मुलं हेच सांगतात. वार्षिक सभेत कुणी तरुणाने हिशेबाचा कागद मागितला की “तू कालचा पोर” म्हणून त्याला खाली बसवलं जातं. चर्चच्या जागेवरून दोन गट कोर्टात भांडतात आणि प्रभुभोजनाला तेच दोन गट एकाच वेदीपुढे गुडघे टेकतात. सुगीच्या उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. कुणीतरी शेतातून आणलेला भोपळा बाजारभावाच्या दहापटीने जातो, टाळ्या पडतात, पोरंही हौसेने बोली चढवतात. पण त्या पैशाचं पुढे काय झालं, हे वर्ष सरलं तरी कुणी सांगत नाही. आणि लग्न जमवायची वेळ आली की “ख्रिस्तात सगळे एक” असा उपदेश करणारेच हळूच विचारतात, “मूळचे कोण?”

मुलांना हे सगळं दिसतं. डोंगरावरचं प्रवचन आपणच त्यांच्याकडून पाठ करून घेतलं. आज ती ज्या मापाने आपल्याला मोजतात, ते आपणच त्यांच्या हाती दिलेलं आहे.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. २००७ साली अमेरिकेत डेव्हिड किनामन आणि गेब लायन्स यांचं ‘अनख्रिश्चन’ नावाचं पुस्तक निघालं. चर्चबाहेरच्या १६ ते २९ वयाच्या तरुणांना ख्रिस्ती लोक कसे वाटतात, याच्या पाहणीवर ते बेतलेलं होतं. ८७ टक्के म्हणाले, ऊठसूट दुसऱ्याचा न्याय करणारे. ८५ टक्के म्हणाले, ढोंगी. तिथे ख्रिस्ती लोक बहुसंख्य आहेत, सत्तेच्या जवळ आहेत. आपण महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे १० लाख ८० हजारांच्या आसपास, म्हणजे शंभरात एकही नाही. म्हणून आपल्याकडे वेगळीच सबब चालते : आपण मूठभर, बाहेरचे टपलेले, तेव्हा घरातलं घरात राहू द्या. ही सबब मला मान्य नाही. पौल यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी घेऊन निघाला, तेव्हा पैशाबद्दल कुणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेला माणूस त्याने सोबत घेतला. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात हे स्पष्ट लिहिलं आहे. तेव्हाच्या मंडळ्या तर आपल्यापेक्षाही लहान होत्या आणि संकटात होत्या.

दुसरी गोष्ट. चर्चवर रागावलेला माणूस ख्रिस्तापासून तुटलाच, असं समजू नका. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. १९१७ मध्ये ते मिशनपासून वेगळे झाले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आज दर रविवारी आपण त्यांचीच भजनं गातो! पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण बिशप सांगतात म्हणून एखादी गोष्ट मानायला त्या तयार नव्हत्या. आपल्या मराठी मंडळीत असे लोक होऊन गेले याचा मला अभिमान वाटतो.

चौथ्या शतकात मोनिका नावाची आई एका बिशपकडे गेली. माझ्या मुलाशी बोला, त्याच्या चुका त्याला दाखवा, म्हणून तिने पिच्छा पुरवला. बिशपने नकार दिला. आत्ता तो ऐकायच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू दे, तू प्रार्थना करत राहा, असं त्याने सांगितलं. तो मुलगा पुढे संत ऑगस्टीन झाला. तुमचा मुलगा काय होईल हे मी सांगू शकत नाही. पण त्या बिशपचा शहाणपणा आपल्या घरी आणता येईल.

त्याच्या वडिलांना माझा सलाम सांगा आणि एक विनंती करा. घराचं दार आणि उपासना यांची सांगड घालू नका. त्याऐवजी येत्या वार्षिक सभेत हिशेब मागायला तुम्ही स्वतः उभे राहा आणि मुलाला तिथे बोलवा.

शंका : मी नाशिकला वसतिगृहात राहते. माझं आडनाव मराठी असल्यामुळे मी ख्रिस्ती आहे हे कुणाला कळत नाही. मैत्रिणींना समजलं तेव्हा एकीने विचारलं, “तुमच्या पणजोबांना किती पैसे मिळाले होते?” दुसरी म्हणाली, “पण तू तर किती छान मराठी बोलतेस!” मी हसून विषय बदलला. यापुढे सांगूच नये का?
– एक विद्यार्थिनी

समाधान : सांग. कुणी विचारलं तर अजिबात लपवू नकोस.

पैशाच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात आणि त्यानंतर नगर जिल्ह्यातल्या पुष्कळ कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. त्यातले काही धान्यासाठी मिशनपाशी आले असतील. उपाशी माणसाने भाकरी दिसली तिकडे जाणं ही लाज वाटण्याजोगी गोष्ट नाही. लाज वाटायची तर ती त्याला उपाशी ठेवणाऱ्यांना वाटावी. शिवाय त्यातले बहुतेक महार-मांगवाड्यातले होते. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नव्हते, शाळेत बसू देत नव्हते. मिशनच्या शाळेत त्यांच्या मुलाला पाटी मिळाली, त्याला नावाने हाक मारली गेली. दुष्काळ सरला, धान्यवाटप थांबलं, तरी तुझ्या-माझ्यासारख्यांच्या घरात बायबल राहिलं. मैत्रिणीला एवढं सांग आणि तिला पुढचे प्रश्न विचारू दे. तिने बहुधा घरी ऐकलेलं बोलून दाखवलं आहे. तिच्या मनात वैर असेलच असं नाही.

मराठीबद्दल तर संकोच करायचं कारणच नाही. फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तुमच्या वसतिगृहाच्या वाचनालयात असेलच, ती मैत्रिणींना वाचायला दे. आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. हिरवी वसई वाचवण्यासाठी ते लढले, पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरू म्हणून काहींनी त्यांना विरोध केला, तरी ते तिथे गेले आणि मराठीतच बोलले.

शंका : ऑफिसातले मित्र गणपतीला घरी बोलावतात. गेलो तर आमचे पाळक नाराज होतात, नाही गेलो तर मित्र म्हणतात, तुम्ही लोक माणूसघाणे. शिवाय प्रसादाचं काय करायचं?
– तरुण संघाचा कार्यकर्ता, मुंबई

समाधान : जा. मित्राच्या आईची विचारपूस करा, पंगतीत बसून पोटभर जेवा. आरती चालू असेल तेव्हा मागे शांत उभं राहा. तबक पुढे आलं तर “मी करत नाही, तुमचं चालू द्या” एवढं पुरे. प्रसादाबाबत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातले आठवा आणि दहावा अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचा. मूर्ती म्हणजे काही नाही, हे ठाऊक असलेल्याला तो खायची मोकळीक देतो. पण हे नैवेद्याचं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं, किंवा सोबतच्या एखाद्याचा विश्वास त्याने डळमळणार असेल, तर सोडून द्यायला सांगतो. म्हणजे निर्णय तुमच्या विवेकाचा, आणि सोबत कोण आहे त्याचा. नको वाटलं तर हात जोडून नको म्हणा. तोंड मात्र वाकडं करू नका.

आणि नाताळला त्याच मित्रांना घरी बोलवा. तेव्हा करंज्यांच्या ताटाशेजारी सुवार्तेची पत्रकं मांडून ठेवू नका. जेवायला बोलावलंय, जेवू द्या. त्यांनी काही विचारलं तर सांगा.