बेजुबानांचे कर्ज

भुकेल्याच्या पुढे अन्न ठेवले की आपली जबाबदारी संपली, अशी आपली समजूत असते. अमेरिकेतील लुईझियाना राज्यात किथव्हिल येथे ‘चिंप हेवन’ नावाचे चिंपांझींचे आश्रयस्थान आहे. तिथले कर्मचारी याच्या नेमके उलट काम करतात. ते अन्न लपवून ठेवतात. दाणे गवतात विखुरतात, फळांचा रस बर्फात गोठवतात, नळीला भोके पाडून तिच्यात शेंगदाण्याचे लोणी भरतात. चिंपांझीने काडी शोधायची, ती भोकात घालायची आणि बाहेर काढून चाटायची. आयते देता येणारे अन्न मुद्दाम कठीण करून देणे, ही कसली दया? प्रश्न वरवर गमतीचा वाटतो. पण त्याच्या मुळाशी गेले, तर दया आणि हक यांतला फरक हाती लागतो.

हे चिंपांझी कोण आहेत ते आधी पाहू. त्यांतले बहुतेक प्रयोगशाळांतून आले आहेत. काहींना लहानपणी आफ्रिकेच्या जंगलातून पकडून आणले होते, पुष्कळसे पिंजऱ्यातच जन्मले. हिपॅटायटिस बीची लस सुरक्षित आहे की नाही, ती लागू पडते की नाही, हे चिंपांझींवर तपासले गेले. एड्सच्या संशोधनासाठी १९८६ साली त्यांची पैदास सरकारी खर्चाने सुरू झाली. पुढे दिसून आले की, त्या विषाणूने चिंपांझी माणसासारखे आजारी पडत नाहीत. काम संपले, पण जीव उरले. चिंपांझी पन्नास वर्षांपर्यंतही जगतो. त्याच्यासाठी अमेरिकन नियमांनी ठरवलेली किमान जागा होती सुमारे २५ चौरस फूट. तीन मुसल्ले शेजारी शेजारी अंथरले की जेवढी होते तेवढी.

अशा जिवांच्या आयुष्यभराच्या सांभाळासाठी अमेरिकेने २००० साली कायदा केला. २००५ साली चिंप हेवनमध्ये पहिले चिंपांझी आले. २०१५ साली सरकारी आरोग्य संस्थेने आपले उरलेले सर्व चिंपांझी संशोधनातून मुक्त करण्याचे ठरवले. आता दोनशे एकरांच्या या जागेत तीनशेच्या आसपास चिंपांझी राहतात. खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलते, बाकीचा देणग्यांतून भागतो.

इथे ते टोळ्या करून राहतात. कोणाचे कोणाशी जमते हे पाहून टोळी जुळवली जाते. त्यात घाई केली तर रक्तपात होतो. झाडे आहेत, चढायला मचाण आहेत. जंगलातल्या चिंपांझीचा दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात जातो. वारुळात काडी घालून वाळवी काढून खाणारा चिंपांझी जेन गुडाल यांनी १९६० साली टांझानियातील गोंबे येथे पाहिला. तोवर हत्यार वापरणे आणि बनवणे ही माणसाचीच मिरास समजली जात होती. म्हणून इथे खोटी वारुळे बांधली आहेत. रात्री निजण्यासाठी चिंपांझी जंगलात फांद्या वाकवून रोज नवे घरटे करतो. म्हणून इथे गवत आणि चादरी दिल्या जातात. आत राहायचे की बाहेर जायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. वर्षानुवर्षे सिमेंटवर काढलेल्या काही जिवांचे पाऊल पहिल्यांदा गवतावर पडायलाही तयार होत नाही. त्यांना कोणी ढकलत नाही. दार उघडे ठेवून थांबतात.

या सगळ्याला इंग्रजीत एन्रिचमेंट म्हणतात. साध्या भाषेत सांगायचे तर हाताला काम, डोक्याला चालना आणि थोडीफार निवड. म्हणजे अन्न कठीण करणे हा छळ नसून, हिरावून घेतलेली मेहनत परत करणे आहे.

मांजरीला कोंडून मारणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिच्यावरचा आरोप नीट पाहिला तर तो दुहेरी आहे. तिने मांजरीला खायला दिले नाही, आणि जमिनीवरचे किडेमकोडे स्वतः शोधून खायला मोकळेही सोडले नाही. पहिला अर्धा भाग आपल्या लक्षात राहतो, दुसरा निसटून जातो. मला वाटते, त्या दुसऱ्या भागात जनावराची एक ओळख आहे. ते केवळ पोट नाही, आपली रोजी शोधणारा जीव आहे.

तेराव्या शतकातले दमास्कसचे आलिम इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी माणसावर असलेले जनावरांचे हक एकेक करून मांडले आहेत. जनावर म्हातारे झाले, आजारी पडले, त्याचा काही उपयोग उरला नाही, तरी त्याचा खर्च मालकाने करावा. त्याला इजा करील अशा जनावरासोबत त्याला ठेवू नये. त्याच्या बसण्या-निजण्याची जागा नीट असावी. सातशे-आठशे वर्षांपूर्वीची ही यादी आणि लुईझियानातली दिनचर्या शेजारी ठेवून वाचावी. शब्द वेगळे आहेत, जबाबदारी तीच आहे.

कोणी विचारील, माणसांची मुले उपाशी निजत असताना चिंपांझींना खेळणी कशासाठी? प्रश्न रास्त आहे. हा खर्च खैरात असता, तर मीही म्हटले असते की आधी माणूस. पण ही खैरात नाही, हे कर्ज आहे. मय्यतीच्या मालातून वारसांना वाटा देण्याआधी कर्ज फेडावे लागते, हे आपल्यात कोणाला सांगावे लागत नाही. वारस कितीही गरजू असले तरी सावकाराचा हक बुडत नाही. आपल्याकडे नवजात बाळाला दवाखान्यात हिपॅटायटिस बीची जी लस टोचतात, तिच्या इतिहासात या बेजुबानांचे रक्त आहे. म्हणजे ज्या मालाचा वाटा आपल्यालाही मिळाला, त्याच्यावरचे हे कर्ज. ते फक्त अमेरिकेचे आहे असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. आश्रयस्थान झाले तरी ते बंदिस्तच. भिंती आहेत, खंदक आहेत. या चिंपांझींना आफ्रिकेत सोडता येत नाही. जंगल त्यांना ठाऊक नाही, आणि काहींच्या रक्तात आपणच घातलेले विषाणू आहेत. म्हणजे भरपाई पुरी होणारच नाही. इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. ज्याचा हक मारला, त्याने माफ केल्याशिवाय तो माफ होत नाही, असे आपण मानतो. चिंपांझी माफ कसे करणार? त्याच्याकडून पावती मिळायची नाही. मग देणाऱ्याने काय करावे? रोज द्यावे. एकदा उमगलेले कोडे चिंपांझीला पुन्हा रमवत नाही. म्हणून कर्मचारी दुसऱ्या दिवशी नवे कोडे तयार करतात. कर्ज फिटले असे त्यांना कधीच म्हणता येत नाही. ती मुभा नसणे, हीच या कामातली नैतिक गोष्ट आहे असे मला वाटते.

आपल्या मोहल्ल्यात आजही एखाद्या ओसरीत पिंजऱ्यातला पोपट दिसतो. कायद्याने मनाई आहे, तरी दिसतो. घरचे त्याला मिठ्ठू म्हणतात, पेरू देतात, हिरवी मिरची देतात आणि त्याचे पोट भरले म्हणून समाधान मानतात. ते प्रेमच असते, यात शंका नाही. पण पंख असलेल्या जिवाचे देणे पेरूने फिटते काय, हे त्या घरातल्या प्रत्येकाने एकदा स्वतःला विचारून पाहावे.