आधी गाडी बंद करा

उभे राहा सगळे. कुणाचा हुद्दा काय आणि पगार किती, ते मला सांगू नका. अजून 'बाई' म्हणून हाक मारता ना, मग उभं राहून ऐकायचं. आणि ते फोन खिशात ठेवा.

तुमचा व्हिडिओ मी पाहिला. अख्ख्या तालुक्याने पाहिला. पावसाने भिजलेला सडा, त्यावर तुमच्या चार एटीव्ही गरागरा फिरतायत, चिखल उडतोय, कुणीतरी किंचाळतंय आणि वर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'कोकणातली कुणालाच माहीत नसलेली जागा'. खाली लोकेशन. कुणालाच म्हणजे कुणाला रे? त्या सड्यावर ज्यांची गुरं चरतात, तिथलं गवत कापून जे गोठ्याची बेगमी करतात, ते कुणीच नव्हेत? पुण्याच्या माणसाला माहीत नाही म्हणजे जगाला माहीत नाही, हा भूगोल मी तुम्हाला कधी शिकवला?

पुढच्याच रविवारी गाड्यांची रांग लागली. आलेली माणसं तुमच्याहून वाईट होती असं नाही. तुम्ही दाखवलंत तेच त्यांनी केलं.

गाडी चालवूच नका, असं मी म्हणत नाही. यंत्राचा नाद असणं हा काही गुन्हा नव्हे. एटीव्हीचे टायर रुंद, त्यांत हवा अगदी कमी, त्यामुळे जीप रुतते तिथून ती निघून जाते. तुमच्यातला एक शहाणा म्हणाला म्हणे, 'बाई, इतक्या मऊ टायरने जमिनीला काही होत नाही.' सरळ आणि सावकाश गेलास तर कमी होतं, हे कबूल. पण तू सरळ गेलास का? एका जागी चाक फिरवून गोल काढलेस. जागच्या जागी फिरणारं चाक माती दाबत नाही, खरवडून काढतं. विज्ञानात तुला बरे गुण होते, म्हणून सांगते.

आणि खरवडलंस काय, ते समजून घे. सडा म्हणजे जांभ्याचा कातळ. त्यावर माती कुठे बोटभर, कुठे वीतभर, कुठे मुळीच नाही. त्या बोटभर मातीत दीपकाडीचा कंद उन्हाळाभर दडून असतो आणि पाऊस लागला की पांढरी फुलं वर येतात. मग गेंद, तेरडा, सीतेची आसवं. ती इवली जांभळी फुलं तुम्ही फोटोत घेतलीत, पण त्यांच्या खाली काय चाललेलं असतं ते पाहिलंत? मातीतल्या तंतूंवर बारीक पिशव्या असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव पकडून ही वनस्पती पोट भरते, कारण असल्या मातीत पोषण फारसं नसतंच. इतक्या काटकसरीने चाललेला संसार तुम्ही एका दुपारी उधळलात. उन्हाळ्यात आला असतात तर टिटवीची अंडी चिरडली असतीत. ती उघड्या जमिनीवरच अंडी घालते आणि त्यांचा रंग असा की पायाशी असली तरी दिसत नाहीत.

चाकोरी पडली की पाणी तीच वाट धरतं आणि माती घेऊन उताराला लागतं. पुढे त्या चाकोरीच्या तळाशी नुसता कातळ उरतो. सड्यावर मुरलेलं पाणी पायथ्याच्या झऱ्यांना आणि विहिरींना येतं, हेही नकाशा काढून शिकवलेलं आहे. तरी शेवटी गाड्या धुतल्यात कुठे? पऱ्याच्या वाहत्या पाण्यात! खाली त्याच पाण्यावर बायका धुणी धुतात, मेल्यांनो.

'आम्ही फुलांवरून नाही गेलो, मोकळ्या कातळावरून गेलो,' हे पुढचं उत्तर माझ्या कानावर आलंय. कातळ तरी मोकळा असतो का? रत्नागिरी, राजापूर, मालवणच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीला एका हत्तीची आकृती सुमारे 18 मीटर लांबीची आहे आणि तिच्या आत आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. बारसूला माणूस आणि दोन बाजूंना दोन वाघ. कोकणातल्या अशा जागा 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्या. ही चित्रं भिंतीवर नाहीत, जमिनीवर आहेत, पायाखाली. खोदकाम उथळ. पावसाळ्यात वर गवत वाढलं की गावातल्या माणसालाही जागा चाचपून दाखवावी लागते. चाक घालण्यापूर्वी तुमच्यातला एक तरी खाली उतरून वाकला होता का?

जागा शोधायचाच छंद असेल, तर सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी हीच कातळशिल्पं कशी शोधली ते विचारा. गावोगाव गेले, गुराख्यांना विचारलं, म्हाताऱ्या माणसांशी बोलत बसले. लोक म्हणायचे, आमच्या सड्यावर पांडवांनी काहीतरी कोरलंय, आणि मग ते त्या माणसाबरोबर चालत वर जायचे. सापडलेलं जगाला सांगितलंच त्यांनी, लपवून ठेवलं नाही. पण आधी गावाला सांगितलं. उक्षीत हत्तीच्या चित्राची राखण गावाला बरोबर घेऊनच उभी राहिली. तुम्ही गावात कुणाला विचारलंत? टपरीवर चहा प्यायलात आणि वाट विचारलीत. परवानगी वेगळी आणि वाट विचारणं वेगळं.

सातबाऱ्यावर 'पोटखराबा' दिसतो म्हणून ती जमीन बेवारस होत नाही. त्याच उताऱ्यावर खातेदारांची नावं असतात, बहुतेकदा डझनाने. अर्धी मुंबईत, पण आहेत. आणि त्यांची हद्द दाखवायला तिथे धोंड्यांचा गडगा होता. त्या गडग्याचं तुम्ही काय केलंत, तेही मी वर जाऊन पाहून आले. गाडी चढेना म्हणून वरचे धोंडे काढून चाकाखाली उतार रचलात. काम झाल्यावर एक धोंडा जागेवर ठेवला नाहीत. आत शिरायच्या वाटेवरचं बेडं उघडं टाकलंत ते वेगळंच. रात्री गुरं कलमांच्या बागेत शिरली आणि नवीन लावलेली रोपं खाऊन गेली. बागवाल्याने तुम्हाला शिव्या दिल्या नाहीत, कारण त्याला तुमची नावं ठाऊक नव्हती. मला ठाऊक आहेत.

किनाऱ्याचंही याच हिशेबात सांगते, कारण सड्यावरून उतरून तुम्ही तिकडेच गेलात. भरती ओसरल्यावरची ओली वाळू सिमेंटसारखी टणक दिसते, पण तिच्या कणांमध्ये पाणी भरलेलं असतं. चाकाची धडधड बसली की ती सैल होते आणि गाडी आत जाते. वर भरती काही कुणासाठी थांबत नाही. मग धावा करायचा कोणाचा? गावातल्या ट्रॅक्टरवाल्याचा. त्याला जेवणावरून उठवायचं आणि वर पैशांवरून घासाघीस करायची! वेळास, आंजर्ल्याला नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं येतात. वाळूत हातभर खोल अंडी घालून निघून जातात, वरून काही कळत नाही. पिल्लू बाहेर येतं तेव्हा तळहातात मावेल एवढं असतं आणि गाडीच्या चाकोरीत पडलं की त्याला वर चढता येत नाही. ते समुद्र सोडून चाकोरीतूनच चालत राहतं. कावळ्यांना आयतंच.

आता अमेरिकेचं. तुमच्यातला जो तिकडे असतो तो म्हणाला, 'तिकडे कसे मोकळे फिरतात बघा, आपल्याकडेच सगळ्याला मनाई.' अरे, तू तिकडे राहतोस आणि तुलाच तिथला कायदा ठाऊक नाही? अशा गाड्यांसाठी सरकारी जमिनीवर कुठे मुभा आणि कुठे बंदी हे ठरवा, असा आदेश राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 1972 सालीच काढला. 1977 मध्ये कार्टर यांनी तो आणखी कडक केला. तिथल्या राष्ट्रीय वनांत 2005 च्या नियमाप्रमाणे नकाशा छापतात. त्या नकाशात जी वाट दाखवलेली आहे तीच खुली. नकाशात नसेल तर बंद, मग तिथे पाटी असो वा नसो. 'पाटी कुठे होती?' हे तुमचं लाडकं उत्तर तिथे चालत नाही.

युटामधल्या मोआबचे व्हिडिओ तू पाठवतोस ना? तांबडा खडक, उभे चढ, सगळं झकास. त्या खडकावर गाड्यांच्या वाटा आखून दिलेल्या आहेत. वाटेच्या कडेला जी काळपट, खरखरीत माती दिसते ती जिवंत असते. शेवाळं, दगडफूल आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू यांनी वाळूचे कण बांधून धरलेले असतात. त्यावर एकदा चाक गेलं की ती पूर्ववत व्हायला कित्येक दशकं लागू शकतात. म्हणून तिथले जुनेजाणते चालक नवख्याला पहिली गोष्ट हीच सांगतात, की वाट सोडायची नाही. आणि वेस्ट व्हर्जिनियातलं हॅटफिल्ड-मॅककॉय? शेकडो मैलांच्या वाटा, 2000 सालापासून खुल्या, जमीन बरीचशी कोळशाच्या आणि लाकडाच्या कंपन्यांच्या मालकीची. मालकांशी रीतसर करार केले, चालकांना परवाना ठेवला, हेल्मेट सक्तीचं केलं, मग जगाला बोलावलं. जागा वाटायची म्हणजे हे सगळं आधी करायचं.

हेल्मेटवरून आठवलं. व्हिडिओत पुढे टाकीवर बसवलेलं ते पोर कुणाचं? बहुतेक एटीव्ही एका माणसासाठी असतात. वळणावर आणि चढावर चालवणाऱ्याने अंग हलवून तोल सांभाळायचा असतो. पुढे पोर बसलं की तो हलणार कसा? गाडी उलटली तर ती अंगावर येते. मोठी एटीव्ही सोळा वर्षांखालच्यांना चालवायला देऊ नका, अशी सूचना बनवणाऱ्यानेच गाडीवर चिकटवलेली असते. किनाऱ्यावर भाड्याने देणाऱ्याने ती सोलून टाकली असेल, पण तू बाप आहेस ना त्याचा?

गप्प का झालात? जागा हवी आहे ना? मग ऐका. चिरेखाणी बघा. आपल्याकडे काम संपून पडलेल्या चिरेखाणी गावोगाव आहेत. वरची माती कधीच गेलेली, फुलं नाहीत, तळ सपाट, कडेला पायऱ्यापायऱ्यांचे चढ आणि मालक बहुधा एक, त्यामुळे विचारायलाही सोपं. लेखी परवानगी घ्या, त्याला भाडं द्या. आधी सगळी खाण पायी फिरा, कारण चिऱ्यांचा कडा सरळ खाली असतो आणि गवतामागे तो दिसत नाही. पावसाळ्यात खाणी पाण्याने भरतात, तेव्हा मुळीच जायचं नाही. चिखलच पाहिजे असेल तर पैसे भरून आत सोडणारे खासगी ट्रॅक आहेत, तिथे हौस भागवा. गाडी टेम्पोत घालून न्यायची, रस्त्यावरून नाही. बहुतेक एटीव्हींना रस्त्याची नोंदणी नसते, हे तुम्हाला ठाऊक असूनही तुम्ही बाजारातून मिरवत नेल्यात.

आणि चांगली जागा मिळाली तर खुशाल सांगा लोकांना. पण मालक कोण, त्याचा होकार आहे का, कुठल्या महिन्यांत जायचं नाही, गाडी कुठे थांबवायची, कुठल्या बाजूला फिरकायचंही नाही, एवढं लिहिता येत असेल तरच. 'कुणालाच माहीत नाही' हे वाक्य पुन्हा दिसलं तर फोन करून विचारीन. त्या सड्याचं नाव मी या बोलण्यात एकदाही घेतलेलं नाही, लक्षात आलं का?

तो व्हिडिओ आणि ते लोकेशन आता, माझ्यासमोर काढा. ज्यांनी पुढे पाठवलंय त्यांना काढायला सांगा, ते काम एकाने आपल्या अंगावर घ्या. बागवाल्याकडे संध्याकाळी सगळे मिळून जा, रोपांचे पैसे बरोबर घेऊन, आणि नावं स्वतः सांगा. रविवारी सकाळी सातला गडगा लावायला या. गाड्या खाली एसटीच्या थांब्यापाशी ठेवायच्या आणि वर चालत यायचं. पाणी आणि न्याहारी आपापली. धोंडे जड आहेत, जुने बूट घाला.