फादर शुरहामरांचा नवस

कोरीट गावातल्या एखाद्या ओट्यावर संध्याकाळी बसला असाल तर तसेच बसून राहा. मांडी मोडायची गरज नाही, डोळे मिटायचीही नाही. फक्त एखादा नवस आठवा. स्वतःचा, आईचा, शेजारणीचा. सारंगखेड्याच्या एकमुखी दत्तापुढे मुलाची गुळाची तुला झालेली तुम्ही पाहिली असेल. पारडं जमिनीवरून सुटलं की नवस फिटला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

आता ज्याला मापच नाही असा नवस मनात आणा.

गेऑर्ग शुरहामर, जन्म 1882, जर्मनीतला. येशूसंघात (जेझुइट संघात) गेलेला हा तरुण 1908 मध्ये मुंबईला शिकवायला आला आणि इथं त्याची प्रकृती ढासळली. 1910 मध्ये जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरच्या शवाचं दर्शन भाविकांना खुलं झालं, तेव्हा तोही गेला. त्या गर्दीत त्याला उभा करा. बरं वाटू दे, तुझं चरित्र लिहीन, एवढंच मागणं. बरं वाटलं.

इथं थांबा. दुसरा कुणी असता तर वर्षभरात चमत्कारांची पोथी छापून मोकळा झाला असता, आणि संतानंही हरकत घेतली नसती. शुरहामर कागद शोधायला बसले. झेवियर गोव्यात उतरला 6 मे 1542 ला आणि वारला 3 डिसेंबर 1552 ला, चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर. आशियातली जेमतेम साडेदहा वर्षं. त्या काळाच्या समकालीन कागदपत्रांची शुरहामरांनी 1932 मध्ये सूची छापली, तीत सहा हजारांहून अधिक नोंदी होत्या. चरित्राचा अजून पत्ता नाही. ही नुसती सूची.

त्यातला एकच कागद हातात घेऊ. 15 जानेवारी 1544, कोचीनहून लिहिलेलं झेवियरचं पत्र. घाई करू नका. तिथल्या लोकांची आणि आपली अशा दोन्ही भाषा जाणणारी माणसं गोळा करून त्यानं प्रार्थना तमिळमध्ये उतरवून घेतल्या, पाठ केल्या, मग हातात घंटा घेऊन पोरांना जमवत तो गावातून फिरला. बाप्तिस्मा देता देता हात दुखून यायचा, असंही त्यानंच लिहिलंय. ती घंटा ऐकू येते का पाहा. घोकलेल्या ओळी अडखळत म्हणणारा परका माणूस, आणि पुढं कदाचित हसू दाबणारी पोरं (पोरांचं हसू माझं, पत्रातलं नव्हे).

भाविक मात्र सांगत आले की झेवियरला सगळ्या भाषा आपोआप येत. जपानातून तर त्यानं स्वतः कळवलं होतं की भाषेवाचून आम्ही या लोकांत पुतळ्यासारखे उभे असतो. ज्याच्या कृपेनं आपण बरे झालो असं मानायचं, त्याच्याच नावावरचा चमत्कार तपासायला घ्यायचा. शुरहामरांना हे कसं जमलं असेल? या प्रश्नापाशी जरा रेंगाळा. उत्तर लगेच आलं तर ते बाजूला ठेवा. मला वाटतं, शुरहामरांची भक्तीच त्या अडखळणाऱ्या माणसावर होती. चमत्कार वजा केला तरी तो माणूस शिल्लक राहतो, किंबहुना तेव्हाच दिसू लागतो.

1614 मध्ये झेवियरच्या शवाचा उजवा हात कापून रोमला नेला. तोच हात, दुखून येणारा. रोममध्येच बसून शुरहामरांनी योझेफ विकी या सहकाऱ्याबरोबर झेवियरची पत्रं संपादित केली. 1944-45 मध्ये, भर युद्धात, त्यांचे दोन खंड निघाले. चरित्राचा पहिला खंड आला 1955 मध्ये. नवस बोलून पंचेचाळीस वर्षं झाली होती आणि या खंडात झेवियर अजून युरोपातच होता! हिंदुस्थान, मलाक्का, जपान सगळं पुढं.

शुरहामर 1971 मध्ये गेले. चरित्राचा शेवटचा ग्रंथ 1973 मध्ये निघाला, तो त्यांनी पाहिला नाही. मग नवस फिटला की राहिला? माझ्या मते 1932 च्या त्या सूचीतच तो फिटला होता. पुढची चाळीस वर्षं शुरहामरांनी आवडीनं काम केलं.