भरून आलेली होडी कोणाची?

मालदीवच्या एकाच बेटावरून दोन होड्या कुपा मासा धरावयास निघतात. समुद्र तोच, वारा तोच. सायंकाळी एक भरून येते, दुसरी जवळजवळ रिकामी. हे दैव की कर्तृत्व? आपण बहुधा स्वतःच्या यशाला कर्तृत्व म्हणतो आणि शेजाऱ्याच्या यशाला दैव.

एका दिवसाचा फरक दैवाचा असेल. परंतु तोच तांडेल वर्षानुवर्षे अधिक मासळी आणतो, तेव्हा केवळ दैव म्हणणे हा त्याच्यावर अन्याय होय. तेथे हा मासा काठी व गळाने एकेक ओढतात. त्यासाठी प्रथम प्रवाळखडकांजवळ जाळ्याने बारीक मासळी धरावी लागते. तेच आमिष. होडीतल्या पाण्याच्या खणात ते जिवंत राहिले पाहिजे. दाटी झाली तर मरते, मग समोर झुंड असूनही हात रिकामे. पाखरांच्या घिरट्यांवरून तांडेल झुंड ओळखतो. एकजण आमिष फेकू लागतो, पाण्याचे फवारे उडवितात आणि कुपे होडीमागे उसळतात. गळाला उलटा काटा नसतो, म्हणून मासा होडीत पडताच सुटतो. फेकणाऱ्याने घाई केली तर आमिष संपते, हात आखडला तर झुंड निघून जाते. माझ्या मते अर्धे यश या माणसाच्या मुठीत असते. नाव मात्र तांडेलाचे!

पकड तेथे मालक, तांडेल व खलाशी यांत वाट्याने विभागतात. तांडेलास अधिक मिळावे काय? मिळावे, असेच मी म्हणेन. तशी नजर फुकट येत नाही. पण ती ज्यांच्या होडीवर राबून आली, त्यांचे काय? आणि आमिष तर सर्वांच्या खडकांतले. एकाने उपसून नेले तर दुसऱ्याने काय फेकावे?

मोठी जहाजे तरंगत्या तराफ्यांभोवती विशाल जाळे टाकून एका खेपेत कितीतरी पट कुपा धरतात. वजनकाट्यावर त्यांचा विजय निर्विवाद आहे. मात्र त्या जाळ्यात यलोफिन जातीची पिल्लेही पुष्कळ येतात, आणि २०१६ मध्ये हिंदी महासागर टुना आयोगाला या जातीची पकड कमी करण्याचा ठराव करावा लागला.

यशस्वी कोळी कोण, असे शब्बाथ शाळेतील मुलांना विचारले तर ती झटकन मोठ्या जाळ्याकडे बोट दाखवितील. शिक्षकांनी मग त्यांना आमिष फेकणाऱ्याची गोष्ट सांगावी, आणि त्या दिवसाचे वाटे त्यांनाच पाडू द्यावेत.